साळुंक्यांचा उःशाप

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, पयोष्णीच्या उत्तरतीरी, वेळूच्या वनांनी वेढलेल्या आश्रमात तृणाक्ष नावाचे महातपस्वी पत्नी विपुलेसह राहत असत. त्या प्रदेशी दोन वर्षे धान्य पिकले नव्हते. आश्रमातील साठ जीव विपुलेने राखलेल्या शाकवाटिकेवर, म्हणजे पडवळ, दोडका, वांगी, माठ आणि कोहळा यांवरच, तगून होते. मुनींना मात्र वाटिकेचे काही नव्हते. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असे, आणि बारा वर्षांच्या तपाअंती लाभणाऱ्या निश्चल समाधीला सातच दिवस उरल्याने तो अधिकच भडकला होता. वाटिकेत कलकलणाऱ्या साळुंक्यांमुळे एका प्रातःकाळी जप तिसऱ्यांदा चुकला, तेव्हा उदक हाती घेऊन ते गर्जले, "वाचाळ पक्ष्यांनो, या आश्रमाच्या सीमेत तुमच्यापैकी जो शब्द करील, त्याचे पंख गळून पडोत." साळुंक्या भयभीत होऊन निघून गेल्या. मुनींना बरे वाटले.

ते दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी त्या निःशब्दतेत त्यांना एक बारीक करकर ऐकू येऊ लागली. डोळे मिटले की ती वाढे, कान झाकले तरी थांबेना. ते उठत, फेऱ्या घालीत, पुन्हा आसनावर बसत. पाचव्या दिवशी चाळण झालेले माठाचे पान घेऊन विपुला समोर उभी राहिली.

"स्वामी, ती करकर पाने कुरतडणाऱ्या या अळीची आहे. साळुंक्या ती रोज वेचून खात. मी उजाडल्यापासून वेचते आहे, पण माझे दोन हात कुठे पुरणार? आता दोन दिवसांची भाजी उरली आहे."

"मीही दोनच दिवस मागतो आहे, देवी. बारा वर्षांचे फळ आहे ते."

"मागावे. पण समाधीतून उठल्यावर साठजणांना काय वाढू, तेवढे सांगून बसावे."

कोपिष्ट मुनींनी कीटकांना शापण्यासाठी पुन्हा उदक हाती घेतले. तोच कोहळ्याच्या मांडवाखालून हरितवसना वनदेवता प्रकट झाली.

"थांब, तृणाक्षा. या शापात मधमाश्याही जळतील आणि एकाही फुलाला फळ धरणार नाही. ज्या समाधीच्या लोभाने पहिला शाप दिलास, ती सोड. म्हणजे तो फिटेल."

मुनींनी ओंजळीतल्या उदकाकडे पाहिले. त्यांना रडू येत होते आणि त्याची लाजही वाटत होती. अखेर ते पाणी त्यांनी वांग्याच्या मुळाशी सोडले. "माझी समाधी मी साळुंक्यांना दिली. त्यांनी यावे आणि हवे तितके बोलावे."

जपाच्या वेळी हात टेकायला घेत तो आडव्या माथ्याचा योगदंड आता त्यांच्या कामाचा नव्हता. तो त्यांनी वाफ्यातच रोवला. पहिली साळुंकी येऊन त्यावरच बसली.

अळी काही एका दिवसात सरली नाही; आठवडाभर विपुलेने सर्वांना अर्धपोटीच वाढले. पण वेल तगले आणि आश्रमात कोणी उपाशी मेले नाही. तृणाक्षांना समाधी त्या जन्मी लाभली नाही. तेव्हापासून भाजीच्या वाफ्यात आडवी काठी बांधलेला दांडा पक्ष्यांसाठी रोवतात, आणि सकाळी त्यावर जो गलका उठतो, त्यात एका मुनीची बारा वर्षे खर्ची पडलेली आहेत.