ठकूआत्याचा गोफणगुंडा

दुर्बीण ठेवा जरा खाली आणि जवळ सरका. करकोचे कुठं पळून जात नाहीत, धुकं हटेपर्यंत ते पाण्यातच उभे राहणार. तोवर ठकूआत्याची गोष्ट ऐका.

फार फार वर्षं झाली. ठकूआत्या आमच्या देवजळी गावात हरभऱ्याची राखण करायची. थंडीत करकोचे उतरले की शेतात नुसता धुमाकूळ. आत्याची गोफण फिरली की सगळा थवा उठायचा. उडत्या पाखराच्या चोचीतला घाटा ती पाडायची, असं म्हणतात. पण पाण्यात उभ्या पाखरावर तिनं कधी गुंडा टाकला नाही. वस्तीला आलेल्याला उठवू नये, असं ती म्हणायची.

एका सकाळी असंच धुकं पडलं, शेजारचं माणूस दिसेना. आत्याची लेक रखमा पहिल्या बाळंतपणाला पलीकडून होडीनं येत होती. मधोमध आल्यावर होडीची फळी सुटली आणि पाणी आत यायला लागलं. काठ कुठंय म्हणून नावाड्यानं हाळी दिली. आता आमच्या लोकांना ओरडायची भारी हौस! इकडचे ओरडले, तिकडचेही ओरडले, आवाज टेकडीवर आपटून परत आले, आणि होडी जागच्या जागी गरगर फिरायला लागली.

आत्या धावत आली. म्हणाली, "गप्प बसा सगळे. माझ्या लेकीला बुडवाल तुम्ही."

सगळे गप्प झाले. करकोचे आमच्याच काठाला गुडघाभर पाण्यात झोपतात, हे नावाड्याला ठाऊक होतं. आत्यानं रडत रडत गोफण फिरवली आणि पाखरांशेजारी पाण्यात गुंडा टाकला. सगळा थवा कलकलाट करत उठला. नावाड्यानं त्या आवाजावर होडी वळवली. पंखांच्या वाऱ्यानं धुकं फाटलं आणि होडीपुरती वाट मोकळी झाली, असं म्हणतात. होडी बुडाली खरी, पण गुडघाभर पाण्यात. रखमा चालत काठावर आली.

पुढच्या थंडीत मात्र करकोचे आलेच नाहीत. आत्याच्या ते जिव्हारी लागलं. तिनं गोफण चुलीत घातली आणि थंडीभर पहाटे इथं येऊन नुसती बसायला लागली. अशी कितीतरी वर्षं गेली. मग एका सकाळी लोक पाहतात तर पाण्यात करकोचे, आणि त्यांच्या मधोमध ठकूआत्या. थवा उठला, तेव्हा आत्या तिथं नव्हती, असं म्हणतात.

तेव्हापासून करकोचे पाण्यातून उठेपर्यंत या काठावर कुणी मोठ्यानं बोलत नाही. ठकूआत्याची वेळ म्हणतो आम्ही तिला. त्या वेळी पहिल्या बाळंतपणाला येणारी लेक होडीत दिसली, तरी आई हाक मारत नाही. ती पदर खोचून पाण्यात उतरते आणि लेकीचा हात धरते.