उतारावरच्या शिळा आणि कमळजेची आज्ञा

एका राज्यात एक नदी होती आणि एके दिवशी ती नाहीशी झाली. आटली नाही, नाहीशी झाली. सकाळी बायका घागरी घेऊन घाटावर गेल्या, तो पात्रात मासे तडफडत होते आणि पाण्याचा थेंब नव्हता. दरबारातून दवंडी आली की देवाचा कोप झाला आहे, प्रजेने उपास धरावेत. प्रजेने धरले. तसेही पोटात घालायला फारसे उरले नव्हतेच.

राजा शूरकेतू मात्र उपास धरून बसला नाही. उत्तरेच्या डोंगरावर काकजंघ नावाचा जादूगार राहत असे. त्याच्या गढीवर राजाने फौज धाडली. ती परतली नाही. दुसरी धाडली, तीही परतली नाही. तिसऱ्या फौजेचा सरदार होता भानुसेन, मिसरूड नुकतेच फुटलेला. तोही परतला नाही.

काकजंघाने गढीच्या उतारावर एक चेटूक घालून ठेवले होते. राजाज्ञेने आलेला शिपाई चालता असे, लढता असे, तोवर ते चेटूक त्याला बाधत नसे. पण 'आता काय करू' असे मनात येऊन ज्याचे पाऊल थबके, त्याची जागच्या जागी शिळा होई. तीन फौजा त्या उतारावर अशाच उभ्या होत्या, भाले रोखून, तोंडे उघडी टाकून.

भानुसेनाची थोरली बहीण कमळजा. आईबाप लवकर गेले, भावाला तिनेच वाढवले, तलवार धरायलाही तिनेच शिकवले. बाईच्या पायाला मुळातच भिंगरी. भाऊ गेल्यापासून तर ती जेवताना उठे, बोलता बोलता चालू लागे, आणि झोपेतही तिचे पाय हलत असत असे शेजारणी सांगत. शेवटी एका पहाटे ती कोणाला न विचारता डोंगराकडे निघाली. तिला कोणाची आज्ञा नव्हती, त्यामुळे उताराने तिला काही केले नाही.

पायथ्याच्या करवंदीच्या जाळीत एक भारद्वाज बसला होता, लाल डोळ्यांचा, म्हातारा. तो म्हणाला, "बाई, भाऊ न्यायला आलीस?"

"होय."

"मग तीन शिळा ऐक. त्या बोलतात, पण ऐकत नाहीत. ऐकून झालं की मला सांग."

कमळजेने पहिल्या फौजेतल्या एका शिळेला कान लावला. आतून पुटपुट येत होती, "शत्रू कुठे आहे? शत्रू कुठे आहे?" दुसऱ्या फौजेतली शिळा पुटपुटत होती, "सरदार पडले. आता कोणाचं ऐकायचं?" तिसरी शिळा गढीच्या दारातच होती आणि ती भानुसेनाची होती. त्याच्या खांद्याला उन्हाने बारीक तडा गेलेला. कमळजा कितीतरी वेळ कान लावायला धजेना. मग तिने ऐकले. तिचा भाऊ पुटपुटत होता, "दार तर उघडलं. आपण इथं कशासाठी आलो होतो?"

तिने ओरडून त्याला उत्तर द्यायचा प्रयत्न केला, पण शिळेला ऐकू कुठले येणार. आणि खरे म्हणजे उत्तर तिलाही माहीत नव्हते.

तिने खाली येऊन ऐकले ते सांगितले, तेव्हा भारद्वाजाने तिला चेटकासकट सगळे सांगितले. काकजंघ एकदा दरबारात गेला होता, नदीकाठी झोपडीपुरती जागा मागायला. राजा भर दरबारात हसला आणि म्हणाला, जा, एक ओंजळ पाणी घे आणि चालता हो. काकजंघाने ओंजळ भरायला घेतली ती सगळी नदी तीत मावेपर्यंत भरली. आता ती नदी एका तांब्याच्या कलशात आहे आणि कलश गढीच्या विहिरीत टांगलेला आहे. कलश उपडा झाला की नदीही सुटेल आणि शिळाही सुटतील.

"आणि तडा गेलेल्या?" कमळजेने विचारले.

"तडा काळजापर्यंत गेला की शिळा ती शिळाच राहते," भारद्वाज म्हणाला. "घाई कर. मलाही तहान लागली आहे."

आता त्या राज्याची रीत सांगायला हवी. युद्धाची आज्ञा दरबारचा भाट लिही आणि भाटच वाची. आधी राजाची बिरुदे, मग शत्रूला शिव्या, मग पुन्हा राजाची बिरुदे, आणि मध्ये कुठेतरी चार शब्दांचा हुकूम. भानुसेनाला मिळालेला हुकूम होता, 'गढी गाठून दुष्टाचा गर्व हरावा.' तो गढी गाठून दाराशी गेला, तर काकजंघ हात जोडून बाहेर आला आणि म्हणाला, माझा गर्व हरला, आत या. हुकूम तिथेच संपला. वाचून झाल्यावर फौजेने भाले आपटून 'जी आज्ञा' म्हणायचे एवढेच ठाऊक. आज्ञेवर प्रश्न विचारणे म्हणजे राजाचा अपमान, हे पोरवयापासून शिकवलेले. शिपाई वाटेत एकमेकांना विचारत, आणि ज्याला विचारले तोही कपाळाला आठ्या घालून पुढच्याला विचारी.

एकटीने गढी घेणे शक्य नव्हते, म्हणून कमळजा दरबारात गेली आणि म्हणाली, चौथी फौज मी नेते, पण आज्ञा मी लिहीन. भाटाचे तोंड एवढेसे झाले. राजाला दुसरा सरदार मिळत नव्हता, म्हणून त्याने मान हलवली.

पहिली आज्ञा तिने एका बैठकीत लिहिली आणि तीत काही म्हणून सोडले नाही. कोणी कोणत्या दगडावर पाय ठेवावा, इथपर्यंत. जुना नाईक जिवाजी मधल्या पानावर पेंगला. दुसरी तिने रागाने इतकी छोटी केली की तिचे तिलाच काही कळेना. तिसऱ्या खेपेला तिने त्या तीन शिळांनाच समोर धरले आणि जणू त्यांनाच उत्तरे देते आहे अशी लिहीत गेली. शत्रू कुठे आहे, त्याची गढी कशी आहे, तो काय कपट करतो. आपण काय करायचे. कोणती तुकडी कुठून चढेल. पखाली कोण वाहील, जखमी कोण उचलेल. मी पडले तर जिवाजी, जिवाजी पडला तर त्याच्यामागचा धनाप्पा, आणि शिंग वाजले की नवा सरदार झाला असे समजायचे. सगळे लिहून झाले, एक ओळ तेवढी तिने मोकळी ठेवली आणि तो कागद घेऊन ती राजापुढे उभी राहिली.

"महाराज, आपण कशासाठी लढतो ते इथं लिहायचं आहे. तुम्ही सांगा, मी लिहीन."

राजा सिंहासनावर चुळबुळला. म्हणाला, कीर्तीसाठी लिही. कमळजा तशीच उभी राहिली. म्हणाला, धर्मासाठी लिही. ती तशीच उभी. सगळा दरबार खाली बघत होता, कारण त्या दिवशी ओंजळीच्या गोष्टीला तेही हसले होते.

"माझ्या भावाला हे माहीत असतं," कमळजा म्हणाली, "तर तो आज दारात उभा नसता."

राजाने तोंडावर शेला धरला. शेल्याआडून आवाज आला, "पाण्यासाठी लिही. माझ्या शब्दापायी गेलेली नदी आणायची आहे."

कमळजेने लिहिले. राजाविषयी तिला त्या क्षणी पहिल्यांदा थोडी माया वाटली, पण थांबायला वेळ नव्हता.

आज्ञा तिने वाचून दाखवली नाही. राजवाड्याच्या अंगणात तिने मातीचा डोंगर रचला, विटेची गढी केली, रांगोळीने वाटा आखल्या, विहिरीच्या जागी वाटी पुरली आणि फौज भोवती उभी केली. सगळे तोंडी सांगितले. सांगून झाल्यावर सवयीने भाले उचलले गेले, तशी ती कडाडली, 'जी आज्ञा' कोणी म्हणायचे नाही. ज्याने त्याने पुढे यायचे, मातीवर बोट ठेवायचे आणि आपले काम आपल्या शब्दांत सांगायचे, शेजाऱ्याचेही सांगायचे, आणि कशासाठी ते सांगायचे. शिपाई लाजले, अडखळले. एकाने आपली तुकडी नेऊन थेट वाटीत बुडवली. कमळजा भोवती येरझारा घालत होती, नखे खात होती, इथे एकेकाला बोलते करेपर्यंत तिथे तडा केवढा झाला असेल, हेच तिच्या डोक्यात घोळत होते.

जिवाजी कोणाला भीत नसे. तो म्हणाला, "बाईसाहेब, कलश विहिरीत नसला तर?"

ती चालायची थांबली. "नसला तर?" तिने सगळ्यांनाच विचारले.

मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "तर शोधायचा. पाण्यासाठीच तर आलोय."

"निघा," कमळजा म्हणाली.

सूर्य वर येता येता फौज उतार चढू लागली. गढीवरून अंगारांचा पाऊस पडला, धुक्यात खोट्या वाटा फुटल्या. एक वाट बंद झाली की शिपाई दुसरीने गेले. कोणाचे पाऊल थबकले नाही. कमळजा सगळ्यांच्या पुढे होती. ती गढीच्या दारापाशी आली आणि तिने भानुसेनाला पाहिले.

तडा खांद्यावरून उतरून छातीला टेकला होता. ऊन थेट त्याच्यावर येत होते. इथे उभे राहून त्याच्यावर सावली धरावी की पुढे जावे? सगळ्यांच्या प्रश्नांची उत्तरे तिने लिहिली होती, हा प्रश्न तिला सुचलाच नव्हता. पायाला भिंगरी असलेली ती बाई थबकली, आणि या खेपेला तीही राजाज्ञेने आलेली असल्याने तिची शिळा झाली.

पुढचे तिला कळले ते गुडघ्याला थंडगार पाणी लागल्यावर. उतारावरून नदी धबाधबा खाली चालली होती, ठिकठिकाणी माणसे डोळे चोळत पाण्यात उभी होती, आणि भारद्वाज एका खडकावर बसून चोची भरभरून पीत होता. कमळजेने आधी तलवार चाचपली आणि विचारले की हल्ला कुठवर आला. जिवाजी नाईक ओल्या मिशा पिळत होता. तो म्हणाला, झाला.

त्याने सांगितले ते असे. बाईसाहेबांची शिळा झालेली पाहताच त्याने शिंग वाजवले, आणि फौज त्याच्यामागे आली. दारात काकजंघ हात जोडून उभा होता, शरण आलो म्हणाला. दोघांनी त्याला मुसक्या बांधून बाजूला बसवले आणि बाकीचे त्याच्याकडे न बघता विहिरीवर गेले. विहिरीत कलश नव्हता. मग जो तो शोधायला लागला. ज्याने अंगणात आपली तुकडी वाटीत बुडवली होती, त्यालाच एका छपराच्या कौलांवर ओले शेवाळ दिसले. तो वर चढला आणि त्याने तिथे लपवलेला कलश पालथा केला.

"आणि भानू?" कमळजा वळली.

भानुसेनाच्या डोक्यावर पाच-सहा ढाली भाल्यांवर बांधून छत केलेले होते. त्याची सावली त्याच्या छातीवर पडली होती.

"हे मी लिहिलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही," जिवाजी म्हणाला. "पण तुमची शिळा पुटपुटत होती, याला सावली कोण देईल म्हणून. जाता जाता पोरांनी ऐकलं."

कमळजेला रडू आले आणि तिने ते आवरले नाही. तेवढ्यात छताखाली कोणीतरी शिंकले. भानुसेन डोळे किलकिले करून उभा होता. खांद्यापासून छातीपर्यंत एक पांढरा वण उठला होता. त्याने बहिणीकडे पाहिले आणि अर्धवट राहिलेले बोलणे पुरे केले.

"ताई, आपण इथं कशासाठी आलो होतो?"

कमळजेने ओंजळ भरली आणि त्याच्या तोंडाला लावली. "पाण्यासाठी," ती म्हणाली.

काकजंघाला नदीकाठी झोपडीपुरती जागा मिळाली, राजा ती द्यायला स्वतः पायी गेला. भाट अजूनही बिरुदे लिहितो, पण ती सणावारी वाचली जातात. राजवाड्याच्या अंगणात मातीचा डोंगर कायमचा राहिला, आणि राजाने कोणतीही आज्ञा दिली की फौजेतला सगळ्यांत नवा शिपाई पुढे येऊन विचारतो, कशासाठी? उतारावरच्या सगळ्या शिळा चालत घरी आल्या. जी कोणाची पावले कुठे अडून राहिली असतील, तीही अशीच घरी येवोत.