धक्क्यावरची चार बोटे

पूर्वी शूर्पारक बंदरावर एका राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व तेथील हमालाच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव भद्रक. तेलाचे मोठे रांजण बांबूला बांधून चौघांनी खांद्यावर घ्यायचे आणि गलबतापासून वखारीपर्यंत न्यायचे, हे त्याचे काम. चौघांची पावले एकदम पडावी लागत. एकाचे चुकले की रांजण झुले आणि फुटे. म्हणून पुढचा गडी गाणे म्हणे आणि बाकीचे त्या तालावर चालत.

कामाला माणसे घेण्याची तेथे एक रीत होती. सकाळी तेलाचा व्यापारी वसुदत्त श्रेष्ठी धक्क्यावर येई. दिवसाला जितक्या ओंजळी तांदूळ हवे, तितकी बोटे प्रत्येक हमाल वर करी. ज्याची बोटे कमी, त्याला काम. गलबते पुष्कळ आली म्हणजे पाच बोटांनाही काम मिळे. ती कमी झाली की शेजाऱ्याची तीन बोटे पाहून हा दोन करी, आणि याची दोन पाहून पलीकडचा एक. एका ओंजळीत घर जेवत नसे.

एके वर्षी गलबते फारच थोडी आली. तेव्हा भद्रकाने धक्क्यावरच्या वीसही हमालांना गोळा केले. तो म्हणाला, "उद्या सगळ्यांनी चार बोटं वर करायची. काम थोडं असलं तर पाळीनं करू आणि मिळेल ते वाटून खाऊ."

कर्कट नावाचा तिखट जिभेचा हमाल म्हणाला, "माझी बोटं माझं कुठं ऐकतात? पोट त्यांना खाली ओढतं."

"मग दुसऱ्या हातानं धरून ठेव, कर्कटदादा."

सकाळी वीस हात वर झाले, प्रत्येकाची चार बोटे. कर्कटाने खरोखरच आपला हात दुसऱ्या हाताने धरला होता.

श्रेष्ठीने भद्रकाला बाजूला नेले. "तू मुकादम हो. तुला दहा ओंजळी देतो. यांची बोटं तेवढी खाली आण."

"धनी, रांजणाला चार खांदे लागतात," भद्रक म्हणाला. "माझा एकच आहे."

श्रेष्ठी रागाने निघून गेला आणि वेशीबाहेर उतरलेल्या बारा माणसांना घेऊन आला. दुष्काळामुळे ती गाव सोडून आली होती. त्यांनी दोनच बोटे वर केली. पण पावले जुळेनात. पहिलाच रांजण अर्ध्या वाटेत फुटला.

"धनी, धक्क्याला तेल पाजताय का?" कर्कट म्हणाला, आणि हमाल पोट धरून हसले.

"फुटलेल्या रांजणाचे तांदूळ तुमच्या मजुरीतून कापून घेईन," श्रेष्ठी नव्या माणसांवर ओरडला. त्यांचा म्होरक्या, म्हातारा तिष्य, तेलातच बसून राहिला. भद्रकाला ते पाहवेना. तो उठला, त्याने त्यांच्या बांबूला खांदा दिला आणि गाणे सुरू केले. संध्याकाळपर्यंत त्यांची पावले जुळू लागली.

कर्कट संतापला. "ते आपलं काम नेताहेत आणि तू त्यांना चालायला शिकवतोस?"

"ते उपाशी राहिले तर उद्या एकच बोट वर करतील. आणि दादा, भूक त्यांचीही आपल्यासारखीच आहे."

कर्कट घरी जाऊन पेजेचे मडके घेऊन आला आणि तिष्यापुढे ठेवून म्हणाला, "खा. उद्या चौथं बोट विसरलात तर पेज परत घेईन."

दुसऱ्या दिवशी बत्तीस हात वर झाले, प्रत्येकाची चार बोटे. ओहोटी जवळ येत होती. गलबताचा तांडेल श्रेष्ठीला घाई करीत होता. श्रेष्ठीने त्या हातांकडे पाहिले, मग कालच्या खापरांकडे पाहिले, आणि त्याला हसू आवरेना. त्याने आपलीही चार बोटे वर केली.

त्या दिवशी जुने आणि नवे एकाच बांबूखाली चालले. एकही रांजण फुटला नाही. ही बातमी तांडेलाने बंदरोबंदरी नेली. गलबते वाढली, आणि पाळीसाठी घरी बसण्याची वेळ कोणावर येईना.

मग कर्कट म्हणाला, "भद्रका, आता दहा बोटं करू."

"पाच कर, दादा. एक हात रांजण धरायला ठेव."

भिक्षूंच्या पंगतीत ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा श्रेष्ठी म्हणजे आज आपल्याला भरभरून वाढणारा तो उपासक. तिष्य म्हणजे काल संघात आलेला नवा भिक्षू. पंगतीच्या टोकाला बसून कुरकुरणारा, आणि तरीही नव्या भिक्षूला आधी वाढणारा तुमचा सोबती, तो कर्कट. भद्रक मीच होतो."

भिक्षू हसले. टोकाला बसलेलाही हसला. भद्रकाच्या जन्मात बोधिसत्त्वाने जी पारमिता, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारा जो गुण, पूर्ण केली, ती मैत्री.