पोथीत न लिहिलेलं राज्य

उद्यापासून राज्यातल्या झाडून सगळ्या बायकांनी हत्तिणीसारखं चालायचं, अशी दवंडी आंबेखोऱ्यात फिरली आणि बायका एकमेकींच्या पायांकडे बघायला लागल्या.

झालं होतं असं. दरबारातल्या केशवशास्त्र्यांनी राज्याचं वर्णन करणारी तीनशे श्लोकांची पोथी लिहिली होती. भानुजीराजांना युवराजांसाठी शेजारच्या राज्यातली राजकन्या सून म्हणून हवी होती, म्हणून त्यांनी पोथीची नक्कल तिकडे धाडली. तिकडून निरोप आला, "पोथी फार आवडली. मुलीची आत्या आक्कासाहेब ती घेऊन येत आहेत. लिहिलेलं आणि असलेलं ताडून पाहतील. खोटं बोलणाऱ्या घरात आम्ही मुलगी देत नाही."

मग राजांनी पोथी पहिल्यांदा नीट वाचली आणि त्यांना घाम फुटला. पोथीतली नदी दुथडी भरून वाहत होती. तिच्यात हंस पोहत होते आणि काठावर गजगामिनी स्त्रिया पाणी भरत होत्या. खऱ्या नदीत एक डबकं उरलं होतं आणि डबक्यात बदकं होती.

बदकांना तांदळाचं पीठ फासून हंस केलं. ती एकमेकांच्या पाठीवरचं पीठ टिपून खाऊ लागली. हत्ती तर राज्यात नव्हताच. बापू गुरव नावाच्या म्हाताऱ्याने लहानपणी जत्रेत एक पाहिला होता, म्हणून बायकांना चाल शिकवायला त्याला चावडीपुढे बसवलं. पण बापूने पाहिलेला हत्ती मागच्या पायाने अधू होता. तीन दिवसांत गावातल्या साऱ्या बायका लंगडू लागल्या.

घरोघरी बांगड्या भरणाऱ्या हौसा कासारणीचा धंदा तेजीत आला, कारण लंगडणाऱ्या बायका पडत होत्या आणि पडल्या की बांगड्या फुटत होत्या. पण चौथ्या दिवशी रखमा सुतारीण विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि थोडक्यात वाचली. हौसाला राहवलं नाही. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, अशानं उद्या कुणीतरी जीव गमावेल."

"मग तूच उपाय कर," राजे म्हणाले. "पोथीतलं अक्षर बदलायचं नाही, नक्कल त्यांच्याकडे आहे. परवा आक्कासाहेब यायच्या आत राज्य पोथीसारखं व्हायला हवं. नाही झालं तर शास्त्र्यांनी आणि तू राज्य सोडायचं."

"शास्त्रीबुवांचं कळलं. पण मी काय केलं?"

"तू तक्रार केलीस."

हौसाला वाचता येत नव्हतं. ती शास्त्र्यांच्या ओसरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "बुवा, सगळी पोथी वाचून दाखवा." शास्त्री वाचू लागले. पक्वान्नांचे चाळीस श्लोक संपेचनात. हौसाची नजर आतल्या चुलीकडे गेली. चूल थंड होती.

"बुवा, आज जेवलात काय?"

"ताक प्यायलो."

"मग हे चाळीस श्लोक?"

"पोट रिकामं असलं की झरझर सुचतात गं," शास्त्री ओशाळून म्हणाले.

हौसा इतकी हसली की शास्त्र्यांनी पोथी मिटली. तिने ती पुन्हा उघडायला लावून शेवटपर्यंत ऐकली. दुसऱ्या दिवशी तिने राजांना सांगितलं, "बदकं धुवा. बायकांना सरळ चालू द्या. आक्कासाहेबांशी मी बोलते." राजांकडे दुसरा इलाज नव्हता.

आक्कासाहेब आल्या. सडपातळ बाई, आवाज खणखणीत. नदीच्या काठावर उभं राहून त्यांनी पोथी उघडली.

"इथे दुथडी भरलेल्या नदीवर तीस श्लोक आहेत. नदी कुठाय?"

"त्या तीस श्लोकांत सांगितलंय ना, आक्कासाहेब, की नदी आटलीय," हौसा म्हणाली. "तहानलेल्याला पाण्याशिवाय दुसरं काय सुचतं? पोथीत आमचं राज्य अगदी खरं उतरलंय, फक्त वाचायची रीत वेगळी. पक्वान्नांवर चाळीस श्लोक आहेत, कारण शास्त्रीबुवा ताकावर दिवस काढतात."

आक्कासाहेबांनी पानं उलटली. "राजांच्या काळ्याभोर कुरळ्या केसांवर चौदा श्लोक आहेत."

सगळ्यांनी राजांकडे पाहिलं. राजांनी पगडी उतरवली. डोकं उन्हात चकाकलं.

"आणि रणांगणातल्या पराक्रमावर साठ," आक्कासाहेब हसू दाबत म्हणाल्या.

"मी लढाई पाहिलेली नाही," राजांनी स्वतःच सांगून टाकलं.

आक्कासाहेबांनी पोथी मिटली. "बरं, बाई. पोथी खरी, हे मानलं. पण मग या राज्यात पाणी नाही, अन्न नाही, केस नाहीत, शौर्य नाही. इथे मुलगी कशाच्या भरवशावर द्यायची?"

"जे पोथीत नाही त्याच्या भरवशावर," हौसा म्हणाली. "तीनशे श्लोक मी कान देऊन ऐकले. सुनेला इथे मायेनं वागवतात, असा एकही श्लोक नाही. कारण ते रोजचंच आहे, ते लिहायचं कुणाला सुचलंच नाही. वीस वर्षं मी घरोघरी लेकीसुनांचे हात हातात घेऊन बांगड्या भरतेय. एकीच्याही मनगटावर वळ पाहिला नाही. खोटं वाटत असेल तर हात पाहा."

आक्कासाहेबांनी खरंच पाहिले. पाणवठ्यावरच्या एकेका बाईचा हात त्यांनी कोपरापर्यंत निरखला. रखमाच्या कोपरावर खरचटलेलं दिसलं, तेव्हा त्या थबकल्या.

"हे कुणी केलं?"

"बापू गुरवाच्या हत्तीनं," रखमा म्हणाली आणि तिने सगळी हकीकत सांगितली.

आक्कासाहेब हसता हसता नदीकाठच्या दगडावर बसल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "राजे, मुलगी दिली. मात्र या शास्त्र्याला आधी जेवू घाला."

राजे खूश झाले. "शास्त्रीबुवा, पोटभर जेवा आणि हौसाच्या चातुर्यावर शंभर श्लोक लिहा!"

हौसाने घाईघाईने हात जोडले. "नको, महाराज. शंभर श्लोक वाचून पुढची माणसं म्हणतील, ही बाई अगदीच खुळी असणार."

राजे पोट धरून हसले. पोथीत तिच्याबद्दल एक ओळही येणार नाही, असा त्यांनी हुकूम काढला आणि बाजारपेठेच्या ऐन चौकातलं दुकान तिला कायमचं देऊन टाकलं.