गाभोळीचा वाटा

नदी जिथे कोपरासारखी वाकते, तिथे भोयांचं एक गाव होतं. गावापुढे खोल डोह, आणि डोहात खडस नावाचे मासे. एवढे थोरले, की त्यांच्या एकेका खवल्यात दोन भाकऱ्या आणि वर कालवण मावायचं. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. ते खवले घासणाऱ्या बायांना विचारा.

वर्षातून एकच दिवस, पावसाच्या तोंडावर, सगळं गाव डोहात जाळी टाकायचं. आजा, बाप, नातू, सगळे एकाच दोरीला. नियम एकच होता. धरलेला प्रत्येक मासा काठावर बसलेल्या ठकूआजीपुढे न्यायचा. आजी त्याच्या पोटावरून हात फिरवायची. आत गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, लागली की म्हणायची, "पोटुशी आहे, सोडा." मग धरणारा कितीही मोठा असो, मासा परत पाण्यात. म्हणून तर डोहातले खडस कधी सरले नव्हते.

आजीचा मुलगा शिदू मात्र कमनशिबी. सात वर्षं त्याच्या जाळ्यात शेवाळ आणि वाहून आलेल्या चपला. गाव विचारायचं, "काय शिदबा, औंदा तरी चपलांची जोड जमली का?" शिदू मान खाली घालून जाळं झटकायचा, आणि आजीच्या काळजात सुरी फिरायची.

आठव्या वर्षी शिदूला खडस लागला. चौघांनी काठावर ओढला तरी शेपूट अजून पाण्यातच होतं. त्याने तो आईपुढे ठेवला.

"आई," तो हळूच म्हणाला, "आज सोडा म्हणू नकोस."

आजीने हात ठेवला. पोट घागरीसारखं टम्म. हाताला सगळं कळलं. पण तिची नजर लेकाच्या तोंडाकडे गेली.

"खाऊन माजलाय नुसता," ती म्हणाली. "कापा."

कोयता चालला आणि टोपलीभर पिवळीजर्द गाभोळी बाहेर आली.

गाव असं भडकलं, की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले ते तिसऱ्या गावात जाऊन बसले. "म्हातारीने गावाला फसवलं!" जातीचा कारभारी धोंडू ओरडला. "आग लागो तुझ्या हाताला!"

एवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आता मेलाच आहे. टाकून काय करायचं?"

झालं. तवे चढले. गाभोळी चरचरली. एका तोंडाने शिव्या, त्याच तोंडाने घास. धोंडूने दोनदा वाढून घेतली, आणि दुसऱ्या खेपेला मीठ कमी पडलं म्हणून आजीला आणखी एक शिवी दिली. शिदूही खाली मान घालून जेवला. आजीने मात्र ताटच पुढे केलं नाही.

पुढच्या वर्षी एकानेही आपला मासा आजीपुढे नेला नाही. "तिच्या लेकाला चालतं, मग आम्ही काय घोडं मारलंय?" घरोघर गाभोळी शिजली. त्याच्या पुढच्या वर्षीही शिजली. आणि तिसऱ्या वर्षी जाळी वर आली ती नुसतं पाणी गाळत.

मग सगळं गाव काठ्या आपटत आजीच्या अंगणात आलं.

"तुझ्यामुळे डोह ओस पडला!" धोंडू गरजला.

आजी उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. रागाने तिचाही आवाज चढला होता.

"माझ्यामुळेच! मी खोटं बोलले. लेकाकडे बघितलं आणि डोहाकडे पाठ केली. हा हात आता माशाला लावायच्या लायकीचा नाही. दुसरा हात आणा. त्या दिवशी ज्याने गाभोळी खाल्ली नाही, त्याने पुढे यावं आणि माझ्या जागी बसावं. डोहात उरलेसुरले चार मासे असतील, ते तरी वाचतील."

पुढे उभे होते तेही दोन पावलं मागे सरकले.

"मी आपली चव बघितली होती नुसती," धोंडू पुटपुटला.

"दोन ताटं भरून?" त्याचीच बायको मागून फिसकारली.

गावातलं मांजरसुद्धा पुढे आलं नाही. त्यानेही ताटं चाटली होती. आजीने धाडकन दार लावून घेतलं. अंगणात राग तसाच उभा होता, पण तो काढायचा कुणावर, हे कुणालाच सुचेना.

तात्पर्य: नियम मोडणाऱ्यावर रागवायचा हक्क त्याचाच, ज्याने त्या चोरीतला वाटा नाकारला. ताट पुढे करून दिलेल्या शिव्यांनी रिकामा डोह भरत नाही.