पाठीवरचे पांढरे दाणे

पूर्वी अश्मक देशात धृतसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व नदीकाठच्या करंजग्रामात एका गोपाळाच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव तिष्य. गावाची गुरे राखावीत, कुरणाला लागून असलेल्या तुकड्यात ज्वारी पिकवावी आणि म्हाताऱ्या आईसह त्यावर वर्ष काढावे, एवढाच त्याचा संसार. त्याला एक खोड होती. काही नवे दिसले की त्याच्यापाशी उकिडवा बसून तो ते बराच वेळ न्याहाळत राही. गाव त्याला थट्टेने बघ्या म्हणे.

गावाचा मुख्य होता कुंडल ग्रामणी. माणूस मनाने चांगला, पण राग नाकावर. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्याचा स्वभाव होता आणि गावाला असाच मुख्य हवा असतो, असे त्याचे ठाम मत होते.

त्या वर्षी आश्विनात कुरणाचे गवत घटू लागले. ते गवत कार्तिकात कापून त्याच्या गंजी रचत आणि साऱ्या गावाची गुरे उन्हाळाभर त्यावर जगत. रोज सकाळी पाहावे तर आणखी एक पट्टा बोडका झालेला. शेजारगावचे लोक चोरून गुरे चारतात, असे कुंडलाने ठरवून टाकले आणि त्यांना शिव्यांचा निरोपही धाडला.

तिष्याने मात्र गवताचा एक बुडखा हाताने फाकवला. आत बोटाच्या पेराएवढ्या मळकट हिरव्या अळ्या वेटोळी करून पडल्या होत्या. त्यांच्या कुशीवर पिवळसर पट्टे होते आणि भोवती मोहरीसारख्या लेंड्या सांडल्या होत्या.

"गुरं चरली असती तर खुरांचे ठसे दिसले असते," तो म्हणाला. "ह्या अळ्या उन्हात दडतात आणि ऊन उतरलं की खातात. इथलं संपलं की रांगेनं ज्वारीकडे निघतील."

कुंडलाला शेजारगावी दुसरा निरोप धाडावा लागला. तो पहिल्यापेक्षा बराच लहान होता.

मग गाव टोपल्या घेऊन कुरणात उतरले आणि अळ्या वेचून चिरडू लागले. तिसऱ्या दिवशी कुंडलाच्या हाती एक निराळीच अळी लागली. तिच्या पाठीला तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे चिकटले होते. त्याने मोजले, वीस भरले. शोधू जाता तशा पुष्कळ सापडल्या.  एकेकीच्या पाठीवर वीस अंडी म्हणजे आठ दिवसांनी एकीच्या वीस. त्याने तशा अळ्या आधी निवडायला लावल्या आणि दोन टोपल्या भरून स्वतःच्या हाताने दगडाखाली रगडल्या. मग लोकांना वडाखाली जमवून त्याने सांगितले, "उद्या दुपारी दव वाळलं की कुरण पेटवायचं. गवत जाईल, पण ज्वारी तरी राहील."

तिष्य उठून उभा राहिला. "ग्रामणी, ती अंडी नव्हेत. अंडी घालतो तो दिव्यावर येणारा राखी पतंग. अळी हे त्याचं लेकरू. लेकरू कधी वितं का?"

लोक हसले. कुंडल हसला नाही. "मग काय आहे ते?"

"बारीक माशीचे कोष आहेत. तिची पिल्लं अळीच्या अंगातच वाढतात आणि तिला आतून खाऊन बाहेर येतात. पाठीवर दाणे आले की ती अळी गवताला तोंड लावत नाही. मागल्या वर्षी मी अशी एक पाहत बसलो होतो."

"बसला असशीलच," कुंडल म्हणाला.

"कुरण पेटवलं तर अळ्यांबरोबर ह्या माश्याही जातील. बुडख्यांत लाव्यांची घरटी आहेत, तीही जातील. सुक्याबरोबर ओलं जळायचं. मला सात दिवस द्या."

"सात दिवसांत अळ्या गावाची ज्वारी फस्त करतील. आणि तू चुकलास तर?"

बोधिसत्त्वाने थोडा विचार केला. कुरणातून गावाच्या शिवारात जायला एकच सपाट वाट होती आणि त्या वाटेवर पहिले शेत त्याचे होते. तो म्हणाला, "माझ्या शेताच्या पलीकडच्या बांधाला चर खणू. हातभर खोल खणायचा, शिवाराकडची कड उभी ठेवायची आणि तिच्यावर भुसभुशीत माती सोडायची. अळ्यांना ती चढता येणार नाही. तोवर त्यांनी माझी ज्वारी खावी."

 त्याची आई सोणा बायकांत बसली होती. "आणि आपण काय खायचं?" तिने विचारले.

"ते मला अजून कळलेलं नाही," तो म्हणाला.

म्हातारी उठली, घरी गेली आणि कुदळ घेऊन आली.

कुंडलाने सात दिवस दिले, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. पांढऱ्या दाण्यांच्या दहा अळ्या त्याने एका मडक्यात घातल्या, वर पातळ फडके बांधले आणि मडके आपल्या घरी ओसरीवर ठेवले. "ह्या दाण्यांतून एक जरी अळी निघाली, तरी त्याच क्षणी कुरण पेटवीन," त्याने बजावले. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे त्याला वाटत होते.

चर खणून झाला. तिष्याने त्याच्या काठाने फाटे फुटलेल्या काठ्या रोवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांवर साळुंक्या आणि कोतवाल पक्षी येऊन बसले. चरात पडलेल्या अळ्या ते टिपू लागले. त्यांना कुणी बोलावले नव्हते, पण बसायला जागा मिळाली की पाहुणे येतातच.

"तू मारत नाहीस, पक्ष्यांकडून मारवतोस," कुंडल म्हणाला.

"चर मी खणला. त्याचा भार माझ्यावर आहेच," बोधिसत्त्व म्हणाला. "पण गुरांचाही माझ्यावर आहे."

कुंडल दिवसातून चारदा फडके उचलून पाही. दोन दिवसांत सगळ्या अळ्या सुकून दोरीच्या तुकड्यांसारख्या झाल्या. दाणे मात्र तसेच होते. पाचव्या दिवशी तिष्याच्या शेतात उभी ताटे तेवढी उरली. कणसांचे दाणे बांधावर सांडले होते आणि सोणा ते सुपात गोळा करीत होती. कुंडल तिच्याकडे न पाहता पुढे गेला.

सातव्या दिवशी सकाळी मडक्यातून बारीक गुणगुण ऐकू आली. कुंडलाने फडक्याला कान लावला. मग एक कोपरा सोडला. चिलटाएवढ्या, बारीक कमरेच्या काळ्या माश्या एकामागून एक बाहेर आल्या. दाण्यांची टोके कापल्यासारखी उघडी होती. नवी अळी एकही नव्हती.

मडके काखेत मारून तो कुरणात गेला. बुडखे फाकवून पाहिले, तर जिथे तिथे वाळलेल्या अळ्या आणि पांढरे दाणे. पक्षी चरात नव्हते, कारण चरात टिपायला काही उरले नव्हते. अर्ध्याहून अधिक गवत उभे होते. गावाची गुरे उन्हाळा काढणार होती.

तिष्य आपल्या शेताच्या बांधावर उकिडवा बसला होता. कुंडल त्याच्या शेजारी बसला. राग नाकावर नव्हता, तेव्हा त्याचे तोंड जरा म्हातारे दिसत होते.

"तिष्या, त्या दोन टोपल्या मी रगडल्या नसत्या तर तुझं शेत वाचलं असतं का?"

बोधिसत्त्वाला खोटे बोलता येत नव्हते. "सगळं नाही," तो म्हणाला. "थोडं वाचलं असतं. त्या खातच नव्हत्या; तेवढ्या वेळात खाणाऱ्या वेचता आल्या असत्या."

कुंडलाने आपल्या तळहातांकडे पाहिले. त्या वर्षी सोणाच्या कणगीत पहिली ज्वारी ग्रामणीच्या घरची पडली, मागून गावाची. आणि पुढे कधी कुणी त्याच्याकडे तातडीचा निवाडा मागायला आले, की तो म्हणे, "आधी मडक्यात घालून ठेव."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात एका ज्येष्ठ भिक्षूसमोर सांगितली. एक नवा भिक्षू जेवणानंतर द्रोणात भात लपवून नेताना त्याला दिसला होता. हावरट म्हणून ज्येष्ठाने त्या नव्या भिक्षूला चारचौघांत हिणवले आणि विहाराबाहेर घालवले. तो भात वेशीबाहेर तापाने पडलेल्या एका वाटसरूसाठी होता. दोन दिवस त्या वाटसरूकडे कुणी गेले नाही.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूहो, तेव्हाची सोणा म्हणजे विहाराला दूध घालणारी वृद्ध उपासिका. करंजग्रामचे लोक म्हणजे ही परिषद. तिष्य मीच होतो. आणि कुंडल ग्रामणी म्हणजे माझ्यासमोर बसलेला हा भिक्षू."

ज्येष्ठ भिक्षूने मान खाली घातली. "भगवन्, मी दोन दिवस आधी पाहिलं असतं, तर त्या वाटसरूचा त्रास वाचला असता का?"

"थोडा वाचला असता," शास्ते म्हणाले.

भिक्षू उठला. भाताचा द्रोण घेऊन तो वेशीकडे गेला.

पाहून होईपर्यंत हात आवरणे आणि त्याची झळ आपण सोसणे, ही क्षांती.