मानाचा प्रमुख आणि चाळीस विडे

"मतं द्या, पण वाद नको! दरबारात एक जरी शब्द निघाला, तर हैबती, तुझी काठी गेली!" रणधवलराजांनी चोपदाराला बजावलं.

राजांना हारतुरे आणि सत्कारांचा कंटाळा आला होता. एका जर्मन पाहुण्याने सांगितलं, की त्यांच्याकडे अशा कामांना एक मानाचा प्रमुख असतो. संसदेचे सभासद आणि प्रांतांनी पाठवलेली तितकीच माणसं जमतात आणि चर्चा न करता गुप्त मतं देतात. पहिल्या दोन फेऱ्यांत निम्म्याहून जास्त मतं लागतात, तिसऱ्यात ज्याला सर्वांत जास्त मिळतील, तो प्रमुख. आपल्याकडेही तसाच प्रमुख हवा, म्हणून राजे हट्टाला पेटले.

वीस सरदार आणि गावोगावचे वीस पाटील एका जागी गप्प बसवायचे! तीस वर्षं "खामोश" ओरडून हैबतीचा घसा गेला होता, दरबार कधी गप्प झाला नव्हता. घरी येऊन तो ढसाढसा रडला.

त्याची मुलगी मंजुळा दरबारात विडे करी. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवून घ्या. ते माझ्याकडे लागलं."

दुसऱ्या दिवशी तिने प्रत्येकाला लिंबाएवढा विडा दिला. राजांसमोर विडा थुंकणं म्हणजे अपमान, त्यामुळे चाळीस गाल फुगले आणि चाळीस तोंडं बंद झाली. एका सरदाराला काहीतरी फार महत्त्वाचं सांगायचं होतं. त्याने ते गिळलं.

उमेदवार तीन होते. त्यांच्या नावाने सुपारी, लवंग आणि वेलदोडा ठरला. जो पसंत असेल त्याची वस्तू मुठीत झाकून मडक्यात टाकायची. दोन फेऱ्या झाल्या, एकवीस कोणालाच मिळाली नाहीत. मंजुळेने दर फेरीला नवा विडा दिला, उमेदवारांनाही. तिसऱ्या फेरीत आबाजी वैद्यांना एकोणीस मतं पडली. बाकीचे दोघे बरेच मागे राहिले.

राजांच्या कपाळाला आठी पडली. "चाळिसांतली एकोणीस! निम्म्यांनाही जो नको, तो सगळ्यांचा प्रमुख कसा? हैबती, ही कसली निवड करून आणलीस? काठी खाली ठेव."

हैबती वाकला. मंजुळेने तबक खाली ठेवलं आणि हात जोडले.

"महाराज, यांना एकोणीस तरी पडली. आपल्याला किती पडली होती?"

हैबतीने डोळे मिटले. दरबार विड्याशिवाय गप्प झाला.

मग राजे हसू लागले, ते पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "काठी उचल, हैबती! आणि पोरीला सोन्याचं कडं द्या!"

ते द्यायला राजे स्वतः उठले नाहीत. आबाजी वैद्यांनी पुढे होऊन मंजुळेच्या हातात कडं घातलं आणि दोन शब्द बोलले. तोंडात विडा असल्यामुळे ते कोणालाच कळले नाहीत. समारंभ उत्तम झाला, असं सगळ्यांचं मत पडलं.